केळीचा कंद: कुठून घ्यावा, कसा लावावा

तुमच्या महाविद्यालयाच्या किंवा वसतिगृहाच्या आवारात, बहुधा खाणावळीचे पाणी जिथे वाहत जाते तिथे, केळीचे एखादे बेट असेल. त्याला कोणी खत घालत नाही, कोणी मुद्दाम पाणी देत नाही, तरी दर वर्षी त्यातून नवी झाडे वर येतात आणि एखादा घड निघतो. हे बघून अनेकांना वाटते की केळ लावण्यात शिकण्यासारखे काही नाही. एक मुनवा उपटायचा आणि दुसरीकडे रोवायचा. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, शेती नाही. मीही असेच समजून केळ लावली होती आणि त्या समजुतीची किंमत माझ्या शेजाऱ्यांनी मोजली. ती हकीकत पुढे येईलच.

या लेखात आपण केळीचा कंद म्हणजे नेमके काय, तो कुठून घ्यावा, कसा स्वच्छ करावा आणि कसा लावावा हे पाहू. यातला ‘कुठून घ्यावा’ हा भाग बहुतेक पुस्तकांत एका ओळीत उरकलेला असतो. मी त्यावर जास्त थांबणार आहे.

शब्दांबद्दल एक खुलासा. जमिनीतल्या गोल, जाड भागाला या लेखात ‘कंद’ म्हटले आहे. काही भागांत त्याला गड्डा म्हणतात. कंदाच्या कडेने फुटणाऱ्या पिल्लाला ‘मुनवा’ म्हणतात. मुनवा लावायचा म्हणजे त्याच्या तळाशी असलेला कंदच लावायचा असतो.

खरे खोड जमिनीत असते

केळीचे जे उभे, हिरवे खोड दिसते ते खोड नव्हे. घड काढून झालेल्या झाडाचा बुंधा आडवा कापून बघा. एकात एक गुंडाळलेले थर दिसतील. हे सगळे पानांच्या देठांचे रुंद तळ आहेत. ते एकमेकांना घट्ट आवळून उभे राहतात म्हणून त्यांचे खोड झाल्यासारखे वाटते. म्हणून त्याला आभासी खोड म्हणतात, आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने केळ वृक्ष नसून अवाढव्य गवतवर्गीय झुडूपही नाही. ती एक मोठी बहुवर्षायू शाकीय वनस्पती आहे.

खरे खोड म्हणजे कंद. त्याच्या माथ्यावर मधोमध वाढीचा कोंब असतो. झाड दहा फूट उंच दिसत असले तरी हा कोंब जमिनीच्या पातळीशीच असतो. प्रत्येक नवे पान तिथे तयार होते आणि सुरळी होऊन आभासी खोडाच्या मधल्या पोकळीतून वर सरकते. साधारण तीस ते चाळीस पाने झाल्यावर हाच कोंब पान बनवणे थांबवतो आणि फुलोरा बनवू लागतो. मग कंदाचे खोड पहिल्यांदा लांब होते, आतल्या आत वर चढते आणि शेंड्यातून केळफूल बाहेर पडते. यालाच केळ निसवणे म्हणतात. बंगाली घरांत ‘थोड़’ म्हणून शिजवतात आणि केरळ-तमिळनाडूत भाजीसाठी वापरतात तो पांढरा, कोवळा गाभा म्हणजे हे वर चढलेले खरे खोड.

हे एकदा पटले की पुढच्या बहुतेक गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. गुडघाभर उंचीचा मुनवा मधून आडवा छाटून टाका आणि दुसऱ्या दिवशी बघा: कापाच्या मध्यभागी नव्या पानाची सुरळी वर आलेली असते, कारण कोंबाला धक्का लागलेलाच नाही. कंदात पिष्ट साठवलेले असते. म्हणून मुळे तोडलेला, पाने छाटलेला कंद आठवडाभर सावलीत पडून राहिला तरी जमिनीत गेल्यावर फुटतो. आणि कोंबाचा एकदा फुलोरा झाला की त्या झाडाला पुन्हा पान येत नाही, दुसरा घड येत नाही. ते झाड संपते. पण कंदाच्या अंगावरचे डोळे फुटून मुनवे आलेले असतात, त्यामुळे बेट संपत नाही.

बी नाही, म्हणून वारसा जसाच्या तसा

रानकेळीत मिरीएवढ्या कडक बिया असतात. आपण खातो त्या बहुतेक जाती म्युसा अ‍ॅक्युमिनाटा आणि म्युसा बाल्बिसियाना या दोन रानटी जातींपासून आलेल्या असून त्यांपैकी बऱ्याच त्रिगुणित आहेत, म्हणजे त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात. अशा झाडात बी धरत नाही. फळ परागीभवनाशिवायच भरते. बाजारात सर्वत्र मिळणारी ग्रँड नैन आणि महाराष्ट्र-गुजरातेतली जुनी बसराई या कॅव्हेंडिश गटातल्या. केरळची नेंद्रन ही शिजवून, तळून खाण्याच्या केळींच्या गटातली, म्हणजे इंग्रजीत जिला प्लँटेन म्हणतात ती. वसईची सुकेळी जिच्यापासून करतात ती राजेळी हिच्याच जवळची. जात कोणतीही असो, कंदाची रीत एकच.

बी नसल्यामुळे प्रत्येक मुनवा हा आईची हुबेहूब नक्कल असतो. चांगल्या घडाच्या झाडाचा मुनवा लावला तर तसाच घड मिळण्याची खात्री असते, ही सोय. अडचण अशी की बियाण्याच्या पिकांत बरेचसे रोग बी तयार होताना मागे राहतात. इथे तशी गाळणी नाही. आईच्या अंगात जे असेल ते मुनव्यात उतरते.

आता माझी हकीकत. मी बडोद्यात राहतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेसाठी त्रिशूरला गेलो होतो. तिथे नेंद्रनच्या चिप्स खाऊन इतका खूश झालो की परिचयातल्या एका प्राध्यापकांच्या परसातून तीन मुनवे मागून घेतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि रेल्वेने घरी आणले. तिन्ही रुजले. पाने अरुंद आणि सरळ उभी येत होती. मला वाटले जातच तशी असेल. तिसऱ्या महिन्यात झाड जेमतेम गुडघ्याएवढे होते आणि शेंड्याशी आखूड पाने एकमेकांवर बसून गुच्छ झाला होता. पानांच्या कडा पिवळ्या, ठिसूळ. मी खत वाढवले. मग पाणी वाढवले. शेवटी कृषी महाविद्यालयातल्या एका ओळखीच्या शिक्षकांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, ‘हे आणले कुठून?’

तो पर्णगुच्छ रोग होता. हा विषाणूमुळे होतो आणि केळीवरचा काळसर मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. एका झाडात शिरला की कंदामार्फत पूर्ण बेटात जातो. त्यावर औषध नाही. १९४० च्या सुमारास श्रीलंकेतून तो केरळात आला असे मानले जाते. तमिळनाडूच्या पळणी डोंगरातली विरूपाक्षी ही सुगंधी केळ त्याने जवळजवळ नाहीशी केली होती. आणि जे मला त्या दिवशीच कळले ते असे: १९१४ च्या ‘डिस्ट्रक्टिव्ह इन्सेक्ट्स अँड पेस्ट्स अ‍ॅक्ट’ या कायद्याखाली केरळ, तमिळनाडू, पश्चिम बंगाल, आसाम आणि ओडिशा या राज्यांतून केळीचे झाड, मुनवे, पाने बाहेर नेण्यास या रोगामुळेच मनाई करण्यात आलेली आहे; फळ नेता येते. मोझॅक या दुसऱ्या विषाणुरोगामुळे महाराष्ट्र आणि गुजरातमधल्या केळीच्या रोपांवरही अशी बंधने घातली गेली. डब्यात तीन मुनवे घेऊन बसलेल्या मला आपण नियम मोडतो आहोत याची पुसट कल्पनाही नव्हती. तुमच्यापैकी किती जण सुट्टीवरून परतताना गावचा मुनवा पिशवीत घालून आणतात, याचा विचार करून हा लेख लिहायला घेतला.

माझी तीन झाडे गेली याचे फार वाटले नाही. पण भिंतीपलीकडे शेजारच्या काकींचे बसराईचे बेट होते, चार-पाच वर्षांचे. मावा भिंत मानत नाही. दोन महिन्यांनी त्यांच्या नव्या मुनव्यांची पाने उभी येऊ लागली. एका झाडाचा घड शेंड्यातच अडकला, बाहेर पडलाच नाही. आधी साबणाच्या पाण्याने मावा मारला, कारण झाड तसेच उपटले तर मावा उठून पुढच्या झाडावर जातो. मग कंदासकट सगळे बेट खणून, तुकडे करून खड्ड्यात पुरले. काकी उभ्या राहून बघत होत्या. मला काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी तिथे नुसती माती दिसत होती.

मग घ्यायचा कुठून?

सर्वांत बरा मुनवा म्हणजे तुमच्याच गावातल्या, तुम्ही स्वतः घड धरताना पाहिलेल्या झाडाचा. एकच झाड नाही, पूर्ण बेट आणि शेजारचीही बेटे बघा. पान उलटे करून देठ आणि मधली शीर उजेडात न्याहाळा: गडद हिरवे ठिपके आणि तुटक रेघा, तारायंत्राच्या कडकट्टासारख्या, दिसल्या तर तो पर्णगुच्छ. त्या बेटाला हातही लावू नका. जुनी पाने कडेकडून पिवळी पडून बुंध्याभोवती घागऱ्यासारखी लोंबत असतील तर मर रोगाचा संशय घ्या. मर रोग फ्युजेरियम या बुरशीमुळे होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल ही केळ चालत असे. या रोगाने तिच्या बागा बसवल्या म्हणून कॅव्हेंडिश आली. आता त्याच बुरशीचा ‘ट्रॉपिकल रेस ४’ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहारमधल्या कटिहार भागात आढळलेला आहे. ही बुरशी मातीत कित्येक वर्षे टिकते. म्हणजे मुनव्याला चिकटलेली ओंजळभर मातीही पुरते.

असे खात्रीचे झाड जवळ नसेल तर विषाणू तपासणी झालेले, प्रमाणित ऊतिसंवर्धित रोप एक घ्या आणि पुढच्या पिढ्या त्याच्या मुनव्यांपासून करा. नुसते ‘टिश्यू कल्चरचे आहे’ एवढे पुरेसे नाही; मूळ झाडात विषाणू असेल तर तो प्रयोगशाळेतल्या बाटलीतूनही पुढे जातो. राज्याचे कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातले कृषी विज्ञान केंद्र ही चौकशीची ठिकाणे. तिरुचिरापल्लीला केळीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९३ पासून आहे.

बेटात दोन तऱ्हेचे मुनवे दिसतील. एकाची पाने तलवारीसारखी अरुंद, बुंधा तळाशी जाड आणि वर निमुळता. हा तलवारी मुनवा. दुसऱ्याची पाने लहानपणापासूनच रुंद, बुंधा सडपातळ; हा पाणमुनवा. नवखा माणूस हमखास दुसरा उचलतो, कारण तो जास्त ‘झाडासारखा’ दिसतो. पण तो आईपासून जवळजवळ तुटलेला असतो, स्वतःचे अन्न स्वतः करायला लवकर पाने पसरतो आणि त्याचा कंद किरकोळ राहतो. तलवारी मुनव्याला आई पोसते, म्हणून त्याला पानांची घाई नसते आणि सगळी साठवण कंदात होते. तलवारी घ्या. कंदाचे वजन साधारण अर्धा ते पाऊण किलो असावे. पहारीने आईच्या बाजूने घाव घालून, कंद न फोडता सोडवा.

उकळते पाणी, ३० सेकंद

कंद धुऊन सगळी मुळे कापा आणि धारदार सुरीने वरची तपकिरी साल तासून पांढरा गर दिसेपर्यंत स्वच्छ करा. बुंधा वितीएवढा ठेवून बाकी छाटा. तासताना लालसर तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसल्या तर ती मर रोगाची खूण असू शकते. कंद टाकून द्या आणि सुरी धुऊन आचेवर धरा. काळी भोके म्हणजे सोंड्याच्या अळीचे बोगदे. एखाद-दुसरे वरवरचे असेल तर कापून निघते. आत गेलेले असेल तर तोही टाका.

आता सूत्रकृमी आणि सोंड्याची अंडी. ती बाहेरच्या थरात असतात. आफ्रिकेत शेतकऱ्यांना शिकवला जाणारा साधा उपाय असा की तासलेला कंद उकळत्या पाण्यात ३० सेकंद बुडवून काढायचा. पहिल्यांदा ऐकल्यावर मला वाटले, कंद शिजेल. मग कागदावर हिशेब केला. तुम्ही उष्णता-वहन शिकला असाल तर तुम्हालाही करता येईल. कंदात बहुतांश पाणी असते, म्हणून त्याची औष्णिक विसरणशीलता पाण्याएवढी, साधारण ०.१४ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद धरू. ठरावीक वेळात उष्णता किती खोल पोचते याचा अंदाज म्हणजे विसरणशीलता आणि वेळ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. ३० सेकंदांसाठी गुणाकार ४.२, वर्गमूळ सुमारे २ मिलिमीटर. पाऊण किलोचा कंद गोल धरला तर त्याची त्रिज्या साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे वरचे दोन मिलिमीटर भाजून निघतात आणि आतल्या कोंबाला पत्ताही लागत नाही.

दुसरी रीत ५२ ते ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० मिनिटे ठेवण्याची. तोच हिशेब केला तर खोली १३ मिलिमीटर येते. जास्त आतपर्यंत काम होते, पण तापमापक हातात धरून बसावे लागते. तापमान ६० च्या पुढे गेले तर डोळे मरतात. घरी एक-दोन कंदांसाठी उकळत्या पाण्याची रीत सोपी. घड्याळ लावा, चिमट्याने धरा आणि अंदाजाने ‘अजून थोडे’ करू नका. याच हिशेबाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा: जे विषाणू आणि बुरशी आतल्या वाहिन्यांत आहेत, त्यांना हे पाणी काहीच करत नाही.

लावणी आणि पुढचे वर्ष

कंद एक दिवस सावलीत सुकू द्या. हातभर लांब, रुंद, खोल खड्ड्यात माती आणि दहाएक किलो चांगले कुजलेले शेणखत भरा आणि कंदाचा माथा चार बोटे मातीखाली राहील असा लावा. पहिले पान दिसेपर्यंत ओल ठेवा, चिखल करू नका. मुळे नसलेला कंद पाणी ओढत नाही, नुसता सडतो. जळगावकडे जूनमध्ये लागणारी मृगबाग आणि पावसाळा संपताना लागणारी कांदेबाग असे दोन हंगाम आहेत. तुम्ही उत्तरेकडे असाल तर थंडीच्या तोंडावर लावू नका. १६ अंशांखाली पाने वाढायची जवळजवळ थांबतात.

गच्चीवर लावणार असाल तर बसराईसारखी बुटकी जात आणि अर्धा कापलेला मोठा पिंप घ्या. शंभर लिटर ओल्या मातीचे वजन १८० किलोच्या घरात जाते, तेव्हा पिंप तुळईवर किंवा खांबाजवळ ठेवा. स्लॅबच्या मधोमध नको. हे सांगितल्याशिवाय स्थापत्य विभागातले माझे मित्र हा लेख वाचूच देणार नाहीत.

खताची महाराष्ट्रातली सर्वसाधारण शिफारस झाडाला २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश अशी आहे, हप्त्यांनी. नत्र सुरुवातीच्या महिन्यांत जास्त. पालाश निसवणीनंतरही लागते. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला १५ ते २० लिटर पाणी लागते. निसवेपर्यंत येणारे मुनवे काढत राहा, नाहीतर घड लहान राहतो. पण नुसते जमिनीलगत कापू नका. कोंब खाली असतो हे आपण पाहिले आहे, तो पुन्हा फुटेल. कापाच्या मध्यात पहारीचे टोक फिरवून कोंब मोडा. झाड निसवले की एक तलवारी मुनवा राखा. तोच पुढचा खोडवा. कंदापासून लावलेल्या झाडाचा घड हाती यायला जातीप्रमाणे आणि हवेप्रमाणे वर्ष ते दीड वर्ष लागते.

एका कंदाची अनेक रोपे

कंदाच्या अंगावर प्रत्येक पानाच्या तळाशी एक डोळा असतो, पण माथ्यावरचा कोंब ऑक्झिन हे संप्रेरक सोडून बहुतेकांना झोपवून ठेवतो. कोंब मोडला की डोळे जागे होतात. वर सांगितल्याप्रमाणे स्वच्छ केलेला किलोभर वजनाचा कंद घ्या. देठांचे थर एकेक करून सोला, म्हणजे डोळे उघडे पडतील. डोळ्याला सुरी लागू देऊ नका. माथ्यावर फुलीसारखे दोन काप बोटाच्या पेराएवढे खोल द्या. एक दिवस सुकवून कंद ओलसर भुश्शात किंवा कोकोपीटमध्ये पुरा आणि टब प्लास्टिकने झाकून उबदार सावलीत ठेवा. भुस्सा आधी उकळून घेतलेला बरा. तीन ते पाच आठवड्यांत कोंब वर येतात. दोन-तीन पाने झाली की कंदाच्या थोड्या तुकड्यासह, मुळांसकट कापून पिशवीत लावा. घरच्या घरी एका कंदातून पाच ते दहा रोपे सहज होतात. मूळ कंद रोगट असेल तर दहाही रोगट होतात, म्हणून हा उद्योग घड पाहिलेल्या झाडाच्या कंदावरच करावा.

बेट पुरल्यानंतर आम्ही दोन्ही अंगणांत वर्षभर केळ लावली नाही आणि जुन्या कंदाच्या तुकड्यांतून फुटणारे प्रत्येक पिल्लू खणून काढले. नंतर आमच्याच आवाराच्या दुसऱ्या टोकाच्या एका बसराईचे दोन घड पाहून तिचा कंद आणला आणि वरच्या रीतीने नऊ रोपे केली. ती दोन महिने पिशवीतच ठेवली. काकी एके दिवशी आपणहून आल्या, नऊही रोपांची पाने उलटी करून देठ उन्हात धरले आणि त्यांतली दोन घेऊन गेल्या.